थर्मोस्टार्टमधून डिझेल गळती आणि ईथर स्प्रे मारण्याचा घातक सल्ला याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: सदोष थर्मोस्टार्ट बदलून मिळणे व हेल्पलाइनवरून दिला जाणारा चुकीचा सल्ला तातडीने थांबवणे.

महोदय,

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. आपल्या कंपनीचा थर्मोस्टार्ट, म्हणजे गारठ्यात इंजिन सुरू व्हावं म्हणून आत जाणारी हवा तापवणारा हीटर, मी गेल्या महिन्यात पिंपळगाव बसवंतच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतला. ट्रॅक्टर वडिलांच्या वेळचा, मॅसी १०३५, तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन. इंजिन दणकट आहे, ऑइल पीत नाही. पण आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि नेमकं तेव्हाच पहाटे ब्लोअर जोडून द्राक्षावरच्या भुरी रोगाची फवारणी उरकायची असते. त्या गारठ्यात ऑइल घट्ट झालेलं असतं, बॅटरी मंदावलेली असते, सेल्फ हळू फिरतो आणि सिलिंडरमधली हवा डिझेल पेटण्याइतकी तापतच नाही. त्यासाठीच हा पार्ट घेतला.

मेकॅनिकने पार्ट बसवला, नळीतली हवा काढली, टाकीतून डिझेल येतंय याची खात्री केली. कोरडी कॉइल तापवली तर जळते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी दुसऱ्याच दिवसापासून इंजिन सुरू होताना पांढरा धूर आणि ठोके. पुढे एकदा स्टॉपचा दांडा ओढूनही इंजिन लगेच बंद होईना. सिलिंडरकडे हवा नेणारा मॅनिफोल्ड खोलला तर तळाशी डिझेलचं थारोळं. थर्मोस्टार्ट काढून व्हाइसमध्ये धरला, डिझेलची नळी तशीच जोडलेली, करंटची वायर सोडलेली. टोकाशी थेंब जमायचा, फुगायचा आणि खाली पडायचा, लगेच दुसरा धरायचा. पार्ट गार होता. गार असताना त्यातून एक थेंबही बाहेर येता कामा नये. याचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे. जे डिझेल पंपाला वळसा घालून इंजिनात जातं, त्यावर गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेचा, ताबा राहत नाही. उतारावर ट्रॉली असताना हे झालं असतं तर?

पार्ट सदोष निघाला, तो बदलून द्या, एवढीच तक्रार असती तर मी दुकानदाराकडेच थांबलो असतो. मला हे पत्र लिहायला लावलं ते आपल्या हेल्पलाइनवरच्या उत्तराने. "पार्ट बदलून येईपर्यंत एअर क्लीनरमध्ये ईथरचा स्प्रे मारा, सोबत हीटर पण देत राहा, पटकन उचलेल," असं मला सांगण्यात आलं. ईथर म्हणजे झटकन पेट घेणारं रसायन. मी दोनदा विचारून खात्री केली. तोच सल्ला पुन्हा मिळाला.

हा पार्ट आपण बनवता, तरी आपल्या माणसाला त्याचं काम माहीत नाही, म्हणून लिहितो. चावी हीटरवर पंधरा-वीस सेकंद धरली की कॉइल लाल होते, त्या उष्णतेने आतला व्हॉल्व्ह उघडतो, डिझेल कॉइलवर झिरपून पेट घेतं आणि मॅनिफोल्डमध्ये ज्योत तयार होते. तिच्यावरून गेलेली गरम हवा सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे तिथे उघडा जाळ असतो! ईथर साधारण १६० अंश सेल्सिअसला आपोआप पेटतं, डिझेलला दोनशेच्या वर तापावं लागतं. त्या ज्योतीवर ईथरची वाफ गेली तर भडका मॅनिफोल्डमध्येच उडणार. आमच्या भागात सेल्फ मारायला घरातला मोठा माणूस सीटवर असतो आणि एअर क्लीनरपाशी उभं असतं ते पोर. त्याचा चेहरा आणि हात कुठे असतील, याचा विचार आपल्या कार्यालयात कोणी केला आहे का? भडका बाहेर आला नाही, तरी अवेळी पेटलेल्या ईथरने रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो.

खोक्यात वापराचा कागद मराठीत नव्हता, हिंदीतही नव्हता. ईथरबद्दल इशारा इंग्रजीतसुद्धा नव्हता. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम ८४ नुसार पुरेशा सूचना किंवा इशारा न देणं हीसुद्धा उत्पादकाचीच जबाबदारी ठरते.

म्हणून माझी मागणी अशी की, पार्ट बदलून द्या किंवा मेकॅनिकच्या मजुरीसह पैसे परत करा, आणि त्याच बॅचचा दुकानांतला माल गळतीसाठी तपासा. त्याहून महत्त्वाचं, "थर्मोस्टार्ट किंवा ग्लो प्लग (सिलिंडरमधली हवा तापवणारा प्लग) असलेल्या इंजिनात ईथर मारू नये" ही सूचना हेल्पलाइनवरच्या प्रत्येकाला लेखी द्या आणि तिची प्रत मला पाठवा. हीच ओळ खोक्यावर ठळक मराठीत छापा. नवा पार्ट उशिरा आला तरी चालेल, ही सूचना मात्र आजच्या आज गेली पाहिजे, कारण थंडी अजून सरलेली नाही आणि तोच सल्ला दुसऱ्या कुणाला मिळत असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. काढलेला पार्ट माझ्याकडे जपून ठेवला आहे. आपला माणूस तपासायला आला, तर त्याच्यासमोर पुन्हा व्हाइसमध्ये धरून दाखवतो.

कळावे,
आपला ग्राहक,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक

सोबत: बिलाची प्रत, गळतीचा व्हिडिओ, मेकॅनिकच्या मजुरीची पावती