तक्रार पत्र: एका संशोधिकेची दोन प्रोफाइल आणि त्यांत मिसळलेले दुसऱ्याचे पेपर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा (भारत विभाग)

विषय: लग्नाआधीचे आणि नंतरचे शोधनिबंध दोन प्रोफाइलमध्ये विभागले गेल्याबद्दल, त्यांत अन्य संशोधकाचे निबंध मिसळल्याबद्दल आणि वारंवार कळवूनही दुरुस्ती न झाल्याबद्दल.

महोदय / महोदया,

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ग्रंथालय तुमच्या सायटेशन डेटाबेसची, म्हणजे कोणत्या शोधनिबंधाचा संदर्भ कोणी दिला याच्या नोंदींची, वार्षिक वर्गणी भरते. मी येथे मेकॅनिकल विभागात सहयोगी प्राध्यापक आहे आणि ग्रंथालय समितीची सदस्यही आहे. गेल्या खेपेला वर्गणी वाढली, तेव्हा संशोधनाची अचूक नोंद मिळते या मुद्द्यावर नूतनीकरणाच्या बाजूने समितीत मीच बोलले होते. माझी स्वतःची नोंद मात्र तुमच्याकडे चुकीची आहे आणि सांगूनही ती कोणी दुरुस्त करत नाही.

माझे काम हार्ड टर्निंगवर आहे: कठीण केलेले पोलाद लेथवर कापताना टूलची झीज कशी होते, आणि कटिंग फ्लुइड अगदी कमी वापरूनही सरफेस रफनेस (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) हवी तेवढीच कशी राखता येते. 2009 ते 2014 या काळातले पेपर माहेरच्या आडनावाने छापले गेले, त्यानंतरचे सासरच्या. तुमच्या डेटाबेसमध्ये या दोन वेगळ्या बाया आहेत. दोघींचे गाइड एकच, सहलेखक बरेचसे तेच, महाविद्यालय तेच, विषय तोच. शिवाय कॉन्फरन्सच्या काही जुन्या पेपरांवर आडनाव आधी छापले होते, आपल्याकडे तशी पद्धतच आहे. तुमच्या नोंदीत तिथे माझे नावच आडनावाच्या रकान्यात जाऊन बसले आहे आणि ते पेपर दोन्हींपैकी कुठल्याच प्रोफाइलमध्ये नाहीत.

याने काय बिघडते ते सांगते, कारण तुमच्या उत्तरांत हा 'दिसण्यापुरता फरक' असल्याचा सूर होता. 2005 मध्ये हर्श यांनी मांडलेला एच-इंडेक्स म्हणजे ज्यांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन मिळाली अशा पेपरांची संख्या. दोन प्रोफाइलचे आकडे त्यात एकमेकांत मिळवता येत नाहीत. माझ्या जुन्या प्रोफाइलचा आकडा 8 (प्रत्येकी किमान 8 सायटेशन मिळालेले 8 पेपर), नव्याचा 9. सगळे पेपर डीओआयनुसार (प्रत्येक पेपरच्या कायमच्या ओळख क्रमांकानुसार) एकत्र करून सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावले की तो 13 येतो. पदोन्नतीच्या अर्जात प्रोफाइलची लिंक एकच देता येते, म्हणजे माझ्या नावापुढे 9 लागतात. ज्या जुन्या पेपरांना सर्वांत जास्त सायटेशन आहेत, तेच गळतात. आमच्या क्षेत्रात सायटेशन हळूहळू साचतात. मशीन मोकळे मिळायचे, टूल झिजेपर्यंत कापायचे, मग मायक्रोस्कोपखाली मोजायचे, यात वर्ष सहज जाते. कोणी माझ्या निष्कर्षांवर पुढचा प्रयोग उभारला तर त्याचा पेपर दोन-तीन वर्षांनी येतो. म्हणून जुनी नोंद तुटणे मला फार महागात पडते.

आणखी एक गोष्ट तुमच्या तंत्रज्ञांच्या लक्षात आलेली दिसत नाही. नव्या नावाच्या पेपरात मी माझ्याच जुन्या पेपरचा संदर्भ दिला की तुमची यंत्रणा ते दुसऱ्या कोणीतरी दिलेले सायटेशन समजते. 'स्वतःची सायटेशन वगळून' या रकान्यातला माझा आकडा त्यामुळे फुगलेला आहे. तो माझ्या फायद्याचा असला तरी खोटा आहे आणि मला तो नको.

आता माझ्या प्रोफाइलमध्ये मिसळलेल्या दुसऱ्याच्या पेपरांबद्दल. माझ्या आताच्या आडनावाची माणसे गावोगाव आहेत, आद्याक्षरे जुळणे तर नेहमीचेच. नेत्रशस्त्रक्रियेवरचे काही पेपर माझ्या नव्या प्रोफाइलमध्ये आले आहेत. वर दिलेले आकडे ते बाजूला काढून मोजलेले आहेत. कोण्या डॉक्टरांचे श्रम माझ्या खात्यावर नकोत. ते ज्यांचे आहेत त्यांच्याकडे गेले पाहिजेत, आणि ते सुद्धा कुठेतरी माझ्यासारखेच अर्ज भरत असतील.

दुरुस्तीचा फॉर्म भरला की ठरावीक उत्तर येते आणि काही दिवसांनी तक्रार बंद होते. नावबदलाचे राजपत्र पाठवले, तर ते मराठीत आहे म्हणून परत आले. इंग्रजी भाषांतर नोटरी करून पाठवले, तर लेखकाची ओळख यंत्रणा आपोआप ठरवते असे कळवले. यंत्रणा सहलेखक, संस्था आणि विषय पाहते असे तुमच्याच माहितीपुस्तिकेत आहे. माझ्या बाबतीत हे तिन्ही जुळतात. संशोधकाला स्वतंत्र ओळख क्रमांक देणारे ऑर्किड 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले, त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या पेपरांवर तो क्रमांक असणे शक्यच नव्हते. पण आता सगळे पेपर आणि दोन्ही नावे मी तिथे नोंदवली आहेत.

सायटेशन म्हणजेच संशोधनाचे मोल, असे मी मानत नाही. टेलरचे टूल लाइफचे (टूल किती वेळ टिकेल याचे) समीकरण 1907 पासून छापील आहे. आज ते आम्ही सगळे वापरतो, मूळ निबंधाचा संदर्भ मात्र प्रत्येक जण देत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत माझ्या निष्कर्षांवरून कोणी फीड (टूल पुढे सरकवण्याचा वेग) बदलला, तर त्याचीही नोंद कुठे होत नाही. पण पदोन्नती, पीएचडी गाइडची मान्यता आणि एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीतले संशोधनाचे गुण अशाच डेटाबेसवरून ठरतात. मोजणी विकायची तर ती बरोबर असली पाहिजे. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या मुली मला विचारतात, लग्नानंतर पेपर कोणत्या नावाने पाठवायचा? मुलांना हा प्रश्न पडत नाही. तुमच्या यंत्रणेमुळे तो मुलींना पडतो, याचा मला मनापासून राग आहे.

माझी मागणी अशी: दोन्ही प्रोफाइल एकत्र करावीत आणि प्रत्येक पेपरवर तो छापताना असलेले नाव तसेच ठेवावे. कॉन्फरन्सचे सुटलेले पेपर जोडावेत. डॉक्टरांचे पेपर काढून त्यांच्या प्रोफाइलला लावावेत. मराठीतले राजपत्र पुरावा म्हणून स्वीकारावे. हे प्रकरण एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावे आणि तिच्याशी थेट बोलता यावे. दुरुस्ती झाल्यावर तारखेसह लेखी पत्र द्यावे, ते मला पदोन्नतीच्या अर्जाला जोडायचे आहे.

पुढील वर्षाच्या वर्गणीचा विषय लवकरच ग्रंथालय समितीपुढे येईल. हे पत्र आणि तुमचे उत्तर, दोन्ही मी त्या बैठकीत ठेवणार आहे. सोबत राजपत्राची प्रत, नोटरी केलेले भाषांतर आणि डीओआयसह पेपरांची यादी जोडली आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
सहयोगी प्राध्यापक, मेकॅनिकल इंजिनिअरिंग विभाग