इथला क्रमांक आणि आपले आधार : आई-बाबांना पत्र

गोथेनबर्ग, स्वीडन

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पासपोर्ट आहे, निवासपरवाना आहे, नोकरीचे पत्र आहे, मग बँकेत खाते उघडायला अडले कुठे, असे बाबांनी फोनवर विचारले होते. फोनवर अर्धे बोलणे तुटत होते आणि आईला मध्येच कुकर बंद करायला जावे लागले, म्हणून सगळे सविस्तर लिहिते.

अडले होते ते एका क्रमांकासाठी. त्याला इथे पेरसूननुम्मेर म्हणतात आणि तो कर खात्याकडून मिळतो. कर खात्याचा आणि जन्ममृत्यूच्या नोंदीचा काय संबंध, असे बाबा विचारतीलच. या देशात जन्म, विवाह, पत्ता आणि मृत्यू यांची नोंदवही 1991 पर्यंत चर्चकडे असे. त्या वर्षी ती कर खात्याकडे आली आणि तेव्हापासून माणसाची नोंद आणि त्याचा कर एकाच छताखाली आहेत. किमान एक वर्ष राहण्याचा इरादा असेल, तरच बाहेरून आलेल्या माणसाला हा क्रमांक मिळतो. त्यासाठी आम्ही दोघेही कागदपत्रे घेऊन समक्ष हजर झालो. सोलापूर महानगरपालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला तिथे उपयोगी पडला. मामा तो लॅमिनेट करून घ्या म्हणून मागे लागले होते आणि बाबांनी ठाम नकार दिला होता. त्या नकारामुळेच त्यावर अपॉस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का बसू शकला, हे मामांना अवश्य सांगा.

क्रमांक पोस्टाने घरी येतो. इथला पोस्टमन दारावरचे नाव पाहून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जाते. घर भाड्याचे आणि दारावर पाटी मूळ मालकाची, म्हणून आम्ही वहीच्या कागदावर बॉलपेनने दोघांची नावे लिहून पाटीखाली चिकटपट्टीने लावली. आलेल्या पाकिटावर माझ्या नावापुढे बाबांचेही नाव होते. पासपोर्टमध्ये माझे आणि बाबांचे नाव एकाच रकान्यात छापलेले असल्याने इथल्या दप्तरात ती दोन्ही माझीच नावे ठरली आहेत. त्यामुळे दवाखान्यात नर्स कधीकधी बाबांच्या नावाने हाक मारते आणि मी उठून उभी राहते. आई, तू हसशील हे ठाऊक आहे.

बाबांनी आयुष्यभर गणित शिकवले, म्हणून त्या क्रमांकाची रचना मुद्दाम सांगते. तो दहा अंकी असतो. पहिले सहा अंक जन्मतारखेचे : वर्षाचे शेवटचे दोन अंक, मग महिना, मग दिवस. पुढे एक आडवी रेघ आणि चार अंक. त्या चारांतला तिसरा अंक पुरुषांचा विषम आणि स्त्रियांचा सम असतो. शेवटचा अंक पडताळ्याचा. पहिल्या नऊ अंकांना आळीपाळीने दोन आणि एक यांनी गुणायचे, दोन अंकी गुणाकार आला तर त्याचे अंक मिळवायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीपासून जितकी कमी असेल तो शेवटचा अंक. लिहिताना एखादा अंक चुकला, तर तो यातून लगेच पकडला जातो. माझा क्रमांक व्हिडिओ कॉलवर दाखवीन, तेव्हा वही घेऊन बसा. माणूस ज्या वर्षी शंभरीचा होतो, त्या वर्षापासून मधल्या रेघेच्या जागी अधिकचे चिन्ह येते, कारण दोन अंकी वर्षावरून शंभर वर्षांची आजी आणि नुकते जन्मलेले बाळ यांत फरक कळणार नाही. हिशोबाची ही निव्वळ सोय असली, तरी मला ती फार आवडली.

हा क्रमांक हाती येईपर्यंत माणूस इथे असून नसल्यासारखा असतो. शहरातल्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कित्येक दुकानांत नोटा घेत नाहीत आणि तोवर आमचा सगळा व्यवहार भारतातून आणलेल्या प्रवासी कार्डावर चालला. क्रमांकानंतर ओळखपत्र, त्यासाठी कर खात्यातच फोटो काढतात आणि उंची मोजतात. ओळखपत्र दाखवले की बँकेत खाते, आणि खाते झाले की बँक 'बँकआयडी' म्हणजे मोबाईलवरची ओळख देते. डॉक्टरची वेळ, कराचे विवरण, घराचा करार, औषधाची चिठ्ठी, सगळे त्यावरच चालते.

आता मुख्य मुद्दा, आणि तो खास बाबांसाठी आहे. इथे हा क्रमांक गुपित नाही. माणसाची जन्मतारीख आणि पत्तासुद्धा कोणालाही सहज कळू शकतो, कारण सरकारी दप्तर लोकांना खुले असावे हा इथला जुना दंडक आहे. नुसता क्रमांक सांगून कोणी माझे खाते उघडू शकत नाही. त्यासाठी ओळखपत्र किंवा बँकआयडीचा गुप्त अंक लागतो आणि जपायचे ते तेवढेच. भामटे इथेही आहेत. ते वृद्धांना बँकेतून बोलतो असे सांगून फोन करतात आणि त्यांच्याकडूनच बँकआयडी उघडून घेतात. आपल्याकडे ओटीपी विचारतात, त्यातलाच हा प्रकार.

आपले आधार वेगळे आहे. पहिले आधार 2010 साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्या बारा अंकांत जन्मतारीख, लिंग, गाव यांतले काहीच दडलेले नाही. ही रचना मला इथल्यापेक्षा शहाणपणाची वाटते, पण आपण कार्डाची झेरॉक्स वाटत सुटतो आणि तिच्यावर फोटो, पत्ता, जन्मतारीख सगळेच असते. विजापूर रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात तुमच्या आधारची फाईल संगणकावर तशीच राहते, लॉजमध्ये प्रत देता, सिमकार्डासाठी देता. यापुढे ज्यावर फक्त शेवटचे चार अंक दिसतात ते मास्क्ड आधार द्या. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. बोटांचे ठसेही तिथेच लॉक करता येतात. काही अडले तर त्यांची मदतवाहिनी 1947 आहे. इथला क्रमांकही 1947 सालीच सुरू झाला, म्हणून हा आकडा माझ्या पक्का लक्षात आहे.

परदेशी आल्याने माझे आधार रद्द होते का, असे आईने विचारले होते. होत नाही, पत्ताही जुळे सोलापूरचाच आहे. मात्र त्याचा ओटीपी माझ्या भारतातल्या मोबाईलवरच येतो, म्हणून ते सिम मी रिचार्ज करून चालू ठेवले आहे. बचत खाते अनिवासी भारतीयांच्या एनआरओ प्रकारात बदलून घेतले आहे, तेव्हा बँकेचे त्याविषयी पत्र आले तर घाबरू नका.

उन्हाळ्यात तुम्ही याल, तेव्हा तुम्हाला असा क्रमांक मिळणार नाही, कारण नव्वद दिवसांच्या भेटीवर आलेला माणूस इथला रहिवासी ठरत नाही. म्हणून दवाखान्याचा सगळा खर्च विम्यावर अवलंबून राहील. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवासविमा लागतोच. तो घेताना दोघांच्याही रक्तदाबाची नोंद त्यात करायला लावा. औषधे पूर्ण मुदतीची आणा, आणि डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत चिठ्ठी घ्या.

बाबा, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर तुमचा अंगठा उमटत नाही, म्हणून तुम्हाला दोनदा रांगेत उभे राहावे लागले होते. जीवन प्रमाण या हयातीच्या डिजिटल दाखल्याच्या सोयीत 2021 पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटते आणि ते घरी मोबाईलवर होते. पेन्शनचा पीपीओ क्रमांक आणि बँकेचे पासबुक शोधून ठेवा. येत्या रविवारी मी फोनवर असताना आपण त्यासाठी लागणारी दोन्ही ॲप मोबाईलवर उतरवून घेऊ.

तुमची,
लेक