आई-आण्णा, आम्ही ऑकलंडला जात नाही

आई, आण्णा, नमस्कार.

फोनवर आपलं काही धड बोलणं होत नाही. तुमचा सकाळचा चहा होतो तेव्हा इथं दुपारचं मिल्किंग सुरू व्हायची वेळ, आणि तुम्ही जेवून टीव्हीपुढं बसता तेव्हा ह्यांचा पहाटे चारचा अलार्म वाजतो, म्हणून सगळं एकदाच टाइप करून पाठवते. वैनी, आण्णांना सावकाश वाचून दाखव, मधे मधे गाळू नकोस.

तर पहिलं हे, की आम्ही इथलं न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाचं रान सोडून ऑकलंड शहरात राहायला जात नाही. जूनपासून याच फार्मवर पुढचा सीझन करायचं ठरलंय, ह्यांनी सही पण केली. आई, तू लगेच तोंड पाडू नकोस, आधी पूर्ण ऐक.

इथं डेअरीचं वर्ष 1 जूनला बदलतं. मे महिन्यात गाई आटवायच्या म्हणजे दूध काढणं बंद करायचं, आणि 1 जूनच्या आसपास ज्यांचा करार संपला ती माणसं नवीन फार्मवर जातात, काही तर स्वतःचे गाईंचे कळप घेऊन. रस्त्यावर नुसते ट्रक, ट्रेलर, त्यावर फ्रिज, गाद्या, पोरांच्या सायकली, कुत्री. शाळेत पण त्या आठवड्यात चार पोरं जातात नि चार नवीन येतात. आपल्याकडं दसऱ्यानंतर बीडकडच्या तोडणीच्या टोळ्या येतात तसं वाटतं बघताना, फक्त इथं जाणाऱ्याच्या दारात स्वतःची गाडी असते आणि नवीन घर आधीच ठरलेलं असतं, तेवढा मोठा फरक आहे. तर यंदा आम्ही सामान बांधणार नाही. पहिल्या फार्मवरचं ते ओलं घर आठवतंय ना, भिंतीला काळी बुरशी यायची नि सोनूचा खोकला जायचा नाही? हे घर कोरडं आहे, लाकडाची शेगडी आहे, हीट पंप आहे, छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठतं तेच प्यायला. असलं घर सोडून शहरात दोन खोल्यांना त्याच्या कितीतरी पट भाडं कोण भरणार.

तात्या म्हणाले म्हणे, की शेणच काढायचं होतं तर एवढं विमानाचं तिकीट कशाला काढलं. त्यांना सांगा, शेण काढत नाही, पाईपनं धुतो. आणि तेही फक्त दूध काढायच्या शेडमधलं, कारण गोठा इथं नाहीच. आण्णा तुम्हाला अजून खरं वाटत नाही पण सहाशे गाई आणि त्यांना डोक्यावर छप्पर नाही, बारा महिने रानात, थंडीत सुद्धा. हिवाळ्यात गवत वाढत नाही मग स्वीड नाहीतर फॉडर बीट खायला घालतात, स्वीड म्हणजे नारळाएवढा गोडसर कंद, आम्ही पण भाजी करतो त्याची. शेतात झटक्याची तार लावायची आणि रोज थोडी पुढं सरकवायची, गाई तेवढाच पट्टा खातात. उलट चिखल लई होतो, पायातला गमबूट आत राहतो नि पाय तेवढा वर येतो.

दूध काढायचं मशीन म्हणजे मोठी गोल फिरती चकती. गाय आपल्या पायानं चढते, एक फेरी पुरी होईपर्यंत दूध निघतं, मग मागं सरकून उतरते. हाकायला लागत नाही. दोन माणसांत सहाशे गाईंचं दूध. आणि भाव आपल्यासारखा लिटरवर नाही, दुधात फॅट आणि प्रोटीन किलोत किती भरलं त्यावर, 2024-25 च्या सीझनला किलोला दहा डॉलरच्या आसपास होता. इथली मोठी संस्था फाँटेरा, ती पण शेतकऱ्यांचीच सहकारी, 2001 साली मोठे संघ एकत्र करून झाली, आपलं गोकुळ 1963 चं. आमच्या जवळच्या ईडनडेल गावाला त्यांची मोठी फॅक्टरी आहे, तिथं 1882 पासून चीज व्हायचं. आण्णा सभासद-सभा-भाव ही भांडणं इथं पण आहेत, फक्त चहाबरोबर पोह्याऐवजी चीज रोल असतात. चीज रोल म्हणजे ब्रेडच्या स्लाइसला चीजचं सारण लावून गुंडाळी करायची आणि भाजायची, या दक्षिणेकडच्या भागाची खास वस्तू आहे, शाळेला पैसे गोळा करायचे झाले की आया बसून शेकड्यानं करतात. मी आता त्यात हिरवी मिरची घालते. माझेच आधी संपतात.

आता मला इथं काम कसं मिळालं ते सांगते, हे आण्णांसाठी. पहिल्या वर्षी मी नुसती घरात. मालक-मालकीण चांगले, पण आपण बोललेलं त्यांना कळेना, आणि त्यांचं तर मला अजिबातच, इकडची माणसं र घोळवून घोळवून बोलतात. गाई वितात तो सीझन ऑगस्टच्या सुरुवातीपासून, सगळ्या एकदमच, दोन महिन्यांत बहुतेक कळप. त्या दिवसांत माणूस माणसाला ओळखत नाही. एका संध्याकाळी मी सोनूला घेऊन रानाच्या कडेनं चालले होते तर एक व्यालेली गाय बसलेली, मान पोटाकडं वळवून. मी तारेखालून गेले, कानाला हात लावला तर गार. तुम्ही नाही का म्हशीचे कान चाचपायचे व्याल्यावर, कॅल्शियम कमी पडलं की गार पडतात म्हणून, तसंच. मी पळत जाऊन मालकिणीला सांगितलं, हातवारे करून, कोल्ड इयर्स, कॅल्शियम. ती बाटली घेऊन आली, कॅल्शियम दिलं, तासाभरात गाय उठून उभी. मालकीण माझ्याकडं बघतच राहिली. विचारलं कुठं शिकलीस, म्हणलं वडिलांच्या गोठ्यात, चार म्हशी. पुढच्या सोमवारपासून वासरांचं सगळं काम माझ्याकडं, पगारी.

तर तात्यांना हेही सांगा.

वासरांचं काम मला आवडतं पण त्यातली एक गोष्ट आई तुला आजवर फोनवर सांगितली नाही. वासरू एका दिवसाच्या आत आईपासून वेगळं करतात. मग पाळायच्या कालवडी ठेवायच्या, आणि उरलेली, गोऱ्हे बहुतेक, चार दिवसांची झाली की ट्रक येतो. चार दिवसांच्या आत नेता येत नाही असा कायदाच आहे, पोट भरलेलं पाहिजे, नाळ सुकलेली पाहिजे, सगळं नियमानं, आणि तरी ते ट्रक कुठं जातात ते मला माहीत आहे. मी त्यांना शेवटचं दूध पाजते आणि ट्रक यायच्या आधी आत निघून येते. मालकिणीला कळलं आहे, ती काही बोलत नाही, ट्रक भरायला दुसरं कुणीतरी येतं. आपल्याकडं भाकड जनावराचं काय होतं ते आपण बघत नाही, इथं बघावं लागतं, एवढंच मी स्वतःला सांगते. पटतं असं नाही. आजीला हे वाचून दाखवू नका.

चांगलं ते सांगते. व्याल्यावर पहिले चार दिवस, म्हणजे आठ वेळचं दूध फॅक्टरीत घालायचं नाही, वासरांनाच. म्हणजे चीक नुसता बादल्याच्या बादल्या! मी वासरांचं झाल्यावर एक तपेली घरी आणली, गूळ मिळाला नाही तर ब्राउन साखर, वेलदोडा घालून खरवस लावला. फिलिपिनो पोरं आहेत ना शेजारच्या फार्मवर, या भागात डेअरीवर त्यांची बरीच माणसं आहेत, ती येऊन उभ्या उभ्या खाऊन गेली. मालकिणीनं आधी वास घेतला, मग विचारलं कस्टर्ड का, मग ताट घेऊन घरी गेली. आता ऑगस्ट लागला की लोक विचारतात. त्या फिलिपिनो बायका बदल्यात पॅन्सिट देतात, शेवयांसारखं असतं, माझ्यासाठी वेगळं बिनमटणाचं करतात गुरुवारी. आई, माझा गुरुवार त्यांना पाठ आहे, इथं राहणारी माझी चुलत नणंद विसरते.

नणंदेवरून आठवलं, ऑकलंडला गणपतीला गेलो होतो ते. मंडळाचा कार्यक्रम छान, ढोल-ताशा, मोदक, नऊवारी, माझ्या डोळ्याला पाणी आलं खरं सांगते. पण परत येताना हे म्हणाले, तिथं आपल्यासारखे हजार आहेत, आपण नाही गेलो तर कुणाला कळणार पण नाही. ते बोलणं डोक्यात बसलं. इथं परवा मी दोन दिवस तापानं पडले तर टँकरच्या ड्रायव्हरनं ह्यांना विचारलं, बायको दिसली नाही वासरांत? रस्त्यात समोरून गाडी आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तो नमस्कार. हे पण आता उचलतात, ऑकलंडच्या मोटरवेवर सुद्धा उचलत होते, लोक बघत होते. आणि ह्यांनी फायर ब्रिगेडमध्ये नाव घातलंय. इथं गावची ब्रिगेड म्हणजे गावातलीच माणसं, बिनपगारी, सायरन झाला की हातातलं टाकून पळायचं. आई घाबरू नकोस, आग क्वचित, जास्त करून रस्त्यावरचे अपघात नाहीतर वाऱ्यानं पडलेली झाडं.

वारा मात्र! तो काय सांगावा. दक्षिणेला ब्लफ नावाचं बंदर, पुढं एक स्टुअर्ट बेट, मग थेट अंटार्क्टिकापर्यंत जवळजवळ समुद्रच. तिथनं सुटतो तो आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतो. जूनमध्ये साडेआठला उजाडतं नि पाचला अंधार. पहिला हिवाळा मला फार जड गेला, आवाजच नाही कसला, कोंबडा नाही, देवळाची घंटा नाही, हायवेवरचे ट्रक तेवढे. उलट डिसेंबरात रात्री दहाला पण बाहेर उजेड असतो, सोनू झोपायला तयार नसते. मे 2024 मधला तो गुलाबी-हिरव्या आकाशाचा फोटो तुम्ही गावभर दाखवलात, पण तसं आकाश रोज नसतं हां, रोज ढग असतात.

सोनूची शाळा दोन वर्गांची. ऑक्टोबरात पेट डे असतो, पोरांनी स्वतः पाळलेलं कोकरू किंवा वासरू आणायचं, दोरीनं चालवून दाखवायचं, हाक मारली की आलं पाहिजे. हिनं एक कालवड धरलीय, नाव पेढा. पेढ्यावर हात फिरवताना मराठीत बोलते, मास्तरणीनं विचारलं तर म्हणाली तिला इंग्लिश येत नाही. माझी खरी काळजी मात्र मराठीचीच आहे. घरात बोलते, पण वाचायला नको म्हणते, आणि अवतीभवती दुसरं मराठी पोर नाही. ऑकलंडला रविवारची शाळा आहे, इथं मीच शाळा. म्हणून आजीच्या गोष्टी रेकॉर्ड करून पाठवा म्हणून मागं लागलेय मी, दादा विसरू नको.

दवाखाना, वाण्याचं सगळं इन्व्हरकार्गिल शहरात, गाडीनं अर्धा तास. इंडियन दुकानात तूरडाळ, पोहे मिळतात, ज्वारीचं पीठ कधी असतं कधी नाही. चटणी संपत आलीय.

तर आता तुमचं येणं. व्हिसाचं ह्यांनी बघितलंय. ऑगस्टमध्ये येऊ नका, आम्ही तुमच्याशी दोन वाक्यं पण बोलणार नाही. जानेवारीत या. गवत असतं, उजेड असतो, गाई सकाळी दुधाला नेऊन आणल्या की आण्णांना मी क्वाडबाईकवर नाही पण दुसऱ्या चार चाकी बग्गीत बसवून सगळं रान दाखवीन. आण्णांना ती माजाची युक्ती बघायची होती ना, शेपटीच्या वर रंग फासतात आणि दुसरी गाय वर चढली की रंग पुसला जातो, ते मात्र नोव्हेंबरात असतं, तेवढं राहिलं.

आणि सामानाचं नीट ऐका, हे सगळ्यात महत्त्वाचं. लाळ्या-खुरकूत या देशात आजपर्यंत कधीच आलेला नाही, म्हणून विमानतळावर फार कडक बघतात. आई, तूप नाही, पेढे नाहीत, मध नाही, मेथीचं, कोथिंबिरीचं बी पदरात बांधून आणायचं नाही. कांदा-लसूण मसाला दुकानातला सीलबंद पाकिटातला आणा, आणि जे काही खायचं असेल ते फॉर्मवर लिहा. लिहिलं आणि त्यांनी टाकून दिलं तर काही होत नाही, न सांगता सापडलं तर जागेवर चारशे डॉलर दंड. फॉर्मवर विचारतात गेल्या तीस दिवसांत शेतावर, जनावरांत गेला होता का. आण्णा, तिथं हो लिहायचं. शरमायचं नाही. आणि निघायच्या आधी आठवडाभर प्रवासातल्या चपला घालून गोठ्यात जायचं नाही, नव्या कोऱ्या घ्या, जुन्या तिथंच ठेवा, इथं तुमच्या मापाचे गमबूट मी आणूनच ठेवलेत.

पासपोर्टचे फोटो दादाला उद्याच काढायला सांगा, तात्यांच्या ओळखीच्या स्टुडिओत नको, मागच्या वेळी मागचं पांढरं निळसर आलं होतं.

तुमची,
ताई