फोटो पानभर आणि माहिती एक ओळ?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत चिनी बादशहाच्या रत्नजडित झाडाचा फोटो छापलात, फोटो झकास, प्रिंटिंगही छान, पण खाली कॅप्शन काय तर 'राजेशाही शौक'. अहो, एवढ्यावरच आटपलंत?

कुंडीतली ही शोभेची झाडं म्हणजे बादशहाला दिलेल्या शुभेच्छा हो. चीनच्या शेवटच्या, म्हणजे चिंग राजवटीत वाढदिवस, नवीन वर्ष असं काही असलं की ग्वांगझू, सूझौ, यांगझौ इथून अशा कुंड्या बीजिंगला नजराणा म्हणून जायच्या, शिवाय राजवाड्याच्या स्वतःच्या कारखान्यातही बनायच्या. झाडाला पीच लागलेले असले तर दीर्घायुष्य, कारण देवलोकातला पीच म्हणे तीन हजार वर्षांनी एकदा पिकतो, डाळिंब उकलून दाणे दिसत असले तर घर मुलाबाळांनी भरो, आणि बुंध्याशी लिंगझी नावाची अळंबी असली तर अमरत्व. आपल्याकडे चवथीला गणपतीवर माटोळी बांधताना सुपारीचे घोस, तोरंजन, रानातली फळं उगाच कुणी टांगत नाही ना, तसंच हे, फक्त इथे फळं दगडाची.

आणि काम बघा. फांद्या मुलामा दिलेल्या तांब्याच्या, पानं जेड या मौल्यवान दगडाची, एकेक पाकळी तारेने अडकवलेली. जेड इतका चिवट की पोलादी हत्याराने कोरता येत नाही, पाणी आणि कडक वाळू घालून घासत बसायचं, एका पानाला किती वेळ लागत असेल विचार करा. 1759 मध्ये खोतानकडचा, जिथे जेड सापडतो तो मुलुख चिंग घराण्यातल्या चियानलोंग बादशहाच्या हाती आला आणि मग दरबारात जेडची चंगळ झाली. आणि अशा कामात जो झगझगीत निळा दिसतो तो बऱ्याचदा खंड्या पक्ष्याच्या पिसांचा असतो, पिसं कापून चिकटवायचे. दिसतं सुंदर, पण पक्ष्यांचं काय झालं असेल ते आठवलं की मला ते बघवत नाही, खरं सांगतो.

बरं, कुंडीतल्या इवल्या झाडांची ही आवड काही चिंग बादशहांनी काढलेली नाही. शीआनजवळ तांग राजपुत्र झांगहुआईची कबर आहे, 706 सालची, तिच्या भिंतीवर एक सेवक तबकात दगड आणि इवलीशी झाडं घेऊन उभा आहे. म्हणजे हजार वर्षं आधीपासून हे चाललेलं.

आता गोव्याचं. अशा झाडांत तांबडं पोवळं सर्रास असतं. भूमध्य समुद्रातलं पोवळं लिस्बनमार्गे गोव्यात यायचं आणि इथून हिरे तिकडे जायचे, सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी आणि आपले सारस्वत व्यापारी यांच्यात हा धंदा चालायचा, एकमेकांची तोंडंही न बघता, नुसत्या पत्रांवर! चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीजांच्या मकावचा कारभारसुद्धा तेव्हा गोव्यातूनच बघितला जायचा. तुमच्या फोटोतलं पोवळं इथूनच गेलं असं मी म्हणत नाही, पण गोव्याच्या पेपरात पोवळ्याचा फोटो येतो आणि या व्यापाराबद्दल एक ओळ नाही, हे काही बरोबर वाटत नाही. पुढच्या पुरवणीत अर्धं पान त्याला द्या, फोटो लहान झाला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा