गोळी चालू, घामही चालू

संपादक साहेब,

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मला टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून द्यायची हार्मोनविरोधी गोळी) सुरू केलंय, 5 वर्षं घ्यायचंय. रात्री दोन-अडीचला छातीतून भपकन वाफ वर येते, गाऊन पिळावा इतका भिजतो आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरते, घरचे म्हणतात पंखा बंद कर! आता उशाशी सुती गाऊन, नॅपकिन नि माठातलं पाणी ठेवते, संध्याकाळचा चहा सोडला (हे फार जड गेलं). पण असं होणार हे आधी कुणी सांगितलंच नाही, मी तर गोळीच बंद करणार होते. विचारल्यावर कळलं की यावर व्हेन्लाफॅक्सिनसारखी नैराश्यावरची औषधं देतात, त्यातलंच पॅरॉक्सेटिन मात्र टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतं, म्हणजे मेडिकलमधून मनाने काही आणायचं नाही. तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर अर्धं पान तरी द्या ना.

– एक वाचक, सातारा