मावशीची शुगर का वाढली ते नीट सांगते

मनू,

परवा फोनवर तू विचारलंस की कॅन्सरच्या गोळीने शुगर कशी काय वाढते, आणि मी "साइड इफेक्ट असतो गं" म्हणून विषय संपवला. नंतर फार वाईट वाटलं. इतकी वर्षं लॅबमध्ये लिपिडवरच काम केलं आणि स्वतःच्या लेकीला एका वाक्यात वाटेला लावलं, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

लिपिड म्हटलं की रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल डोळ्यासमोर येतं ना, ते जरा बाजूला ठेव. पेशीभोवतीचं पातळ आवरण मुख्यतः लिपिडचंच, आणि त्यातले काही मोजके रेणू चक्क निरोप्याचं काम करतात. १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन या शास्त्रज्ञ नवरा-बायकोने कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांवर असिटिलकोलिन, म्हणजे नसा पेशींना इशारा द्यायला वापरतात ते रसायन, टाकलं तर खूण म्हणून घातलेला किरणोत्सारी फॉस्फरस भराभर लिपिडमध्ये शिरायला लागला, म्हणजे बाहेरून इशारा आला की लिपिड स्वतः बदलतं! मला हे आजही भारी वाटतं.

आता मावशीचं. आवरणाच्या आतल्या बाजूला पिप-टू नावाचं लिपिड असतं, अगदी थोडं. बाहेर इन्सुलिन येऊन चिकटलं की पीआय-थ्री-के नावाचं एन्झाइम पिप-टूच्या रेणूत अणूंचं जे कडं असतं त्यावर तिसऱ्या जागी एक फॉस्फेट (फॉस्फरसचा छोटासा गट) लावतं आणि त्याचं पिप-थ्री होतं. ही तिसरी जागा लुईस कँटली आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवली, तोवर ती माहीत नव्हती. बदल केवढासा, एक फॉस्फेट, पण ते लागलं की पेशीत मोकळं फिरणारं एकेटी नावाचं प्रोटीन तिथे येऊन चिकटतं, जागं होतं आणि मग पेशी साखर आत घेते, वाढते, मरायचं टाळते. काम झालं की पी-टेन नावाचं दुसरं एन्झाइम येऊन ते फॉस्फेट काढून टाकतं, निरोप पुसला. आणि हे पुसणं लिहिण्याइतकंच महत्त्वाचं आहे गं, पी-टेनचं जीन १९९७ मध्ये सापडलं तेच मुळी कॅन्सरच्या गाठींमध्ये ते गायब दिसत होतं म्हणून.

मावशीच्या गाठीत बिघाड निरोप लिहिणाऱ्याकडे, म्हणजे पीआय-थ्री-केकडे आहे. तिच्या रिपोर्टवर पीआयके-थ्री-सीए म्युटेशन लिहिलंय बघ, पीआयके-थ्री-सीए हे याच एन्झाइमचं जीन आणि म्युटेशन म्हणजे त्यात झालेला बदल, त्यामुळे कोणी सांगो न सांगो ते फॉस्फेट लावतच सुटतं, आणि गाठीला चोवीस तास "वाढ, वाढ" ऐकू येत राहतं. अल्पेलिसिब ही तिची गोळी नेमकं तेच एन्झाइम अडवते, २०१९ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

पण गोळीला गाठ कुठली आणि यकृत कुठलं हे कसं कळणार? स्नायूंमध्ये आणि यकृतात इन्सुलिनचा निरोप याच वाटेने जातो, तीच वाट बंद झाली की स्नायू साखर नीट ओढत नाहीत, यकृत मात्र रक्तात साखर सोडतच राहतं, आणि शुगर चढते. म्हणजे मावशीने काही पथ्य मोडलं नाहीये, गोळी जिथे लागायची तिथे लागतेय त्याचाच हा दुसरा परिणाम. तिला हे कोणीतरी सांगायला हवं, ती उगाच स्वतःला दोष देत बसलीय.

अजून एक, शुगर वाढली की शरीर जास्त इन्सुलिन सोडतं आणि ते इन्सुलिन गाठीतही तोच रस्ता परत उघडायला बघतं. २०१८ मध्ये उंदरांवर हे स्पष्ट दिसलं, इन्सुलिन खाली ठेवलं तर औषधाचा असर वाढला. म्हणून डॉक्टर लगेच इन्सुलिनकडे न वळता आधी मेटफॉर्मिन ही शुगर कमी करणारी गोळी देऊन बघतायत, तू विचारत होतीस ना की सरळ इन्सुलिन का देत नाहीत.



रविवारी मावशीला फोन करशील तेव्हा "कशी आहेस" विचारून थांबू नको, उपाशीपोटीचा आकडा विचार आणि लिहून ठेव. तहान खूप लागतेय का, सारखं लघवीला जावं लागतंय का तेही विचार, तसं असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. मला सांगायला ती संकोचते, तुला सांगेल.

आई