ताई, तुमचा चष्मा

आशाताई, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते, तर "काय व सिस्टर, ताप गिप आला का?" म्हणून उडवून लावलं असतं तुम्ही. म्हणून लिहिते.

राळेगाव तालुक्यातल्या उपकेंद्रावर मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा कापसाची वेचणी जोरात होती. पहिल्या लसीकरणाला अंगणवाडीत बायका लेकरं घेऊन बसलेल्या, सगळ्यांना वावरात जायची घाई. अन् माझ्या हातातली सिरिंज थरथरत होती. तुम्ही जवळ येऊन बसलात. "चष्मा घरीच राह्यला व. शिशीवर काय लिवलं थे मोठ्यानं वाच बरं." मी वाचलं. लसीचं नाव, मुदत, व्हीव्हीएमचा, म्हणजे लस उष्णतेनं खराब झाली का ते दाखवणाऱ्या शिशीवरच्या खुणेचा, आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे ना. पेंटाची लस डाव्या मांडीत, पीसीव्हीची उजव्या. बीसीजी किती वाजता उघडली, कारण ४ तासांनंतर ती वापरायची नाही. वाचता वाचता हात कधी स्थिर झाला, कळलंच नाही. पुढच्या वेळीही चष्मा राहिला. त्याच्या पुढच्याही.

त्याच दिवशी सांजच्याला एक बाप दारात आला. लेकराचं अंग तापलं होतं. पेंटानंतर ताप येऊ शकतो, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. तरी हातपाय गार पडले. तुम्ही "काही होत नाही" म्हणाला नाहीत. "पाह्यल्याबिगर कसं सांगाव? थर्मामीटर घे, चाल." पऱ्हाटीच्या धुऱ्यानं बॅटरी मारत चाललो, अन् वाटभर तुम्ही मला तुमच्या म्हशीच्या खोड्या सांगत होत्या! लेकरू चुटूचुटू दूध पीत होतं. वजन पाहून पॅरासिटामॉलचा डोस सांगितला, तेव्हा माझा आवाज कापला नाही.

रात्री २ वाजता मात्र जाग यायचीच. डावी मांडी की उजवी? एकदा तुम्हालाच फोन लावला. "रजिस्टरात लिवलं ना? मंग सकाळी पाहू." झोप पार उडाली, तेव्हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही तुम्हीच दिला. तो गावातल्या लोकांसाठी असतो म्हटलं, तर म्हणालात, "मंग तू काय चंद्रावर राह्यतं?" मी फोन केला. मराठीतच बोलले ते.

परवा तुमच्या ओट्यावर तुम्ही तुरीच्या डाळीतले बारीक खडे निवडत होत्या, तेही दिवेलागणीला. मी विचारलं, "ताई, चष्मा?"

"कोनता चष्मा व?"

तुमची,
सिस्टर